गिअरचे दात तुटले, पण खरा दोषी गिअरबॉक्सचं हाऊसिंग तर नाही ना?

गाडीचं इंजिन रीमॅप केलं, टॉर्क वाढवला, रेसिंगचा क्लच टाकला. काही महिन्यांत गिअरबॉक्समधून आवाज यायला लागला. उघडून बघितलं तर गिअरचे दात तुटलेले. मग महागडे, मजबूत गिअर बसवले आणि काही दिवसांनी पुन्हा तेच!

असं झालं की आपण गिअरच्या स्टीलला दोष देतो. पण अनेकदा गिअर फक्त बळी ठरलेला असतो. खरी गडबड असते ती त्याला धरून ठेवणाऱ्या हाऊसिंगमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेरच्या धातूच्या कवचात.

हाऊसिंगचं काम नेमकं काय?

ऑईल आत ठेवणं आणि धूळ बाहेर ठेवणं एवढंच हाऊसिंगचं काम आहे, असं वाटतं. प्रत्यक्षात त्याचं सगळ्यात मोठं काम आहे शाफ्टमधलं अंतर कायम राखणं. सगळे बेअरिंग हाऊसिंगमध्येच बसलेले असतात. ते जरा हलले की शाफ्ट हलतात आणि गिअरचे दात एकमेकांत नीट बसत नाहीत.

आता जोर किती येतो ते बघा. समजा इंजिनचा टॉर्क 200 न्यूटन-मीटर आहे आणि छोट्या गिअरची त्रिज्या 20 मिलिमीटर. मग दातांवर 10,000 न्यूटन, म्हणजे साधारण एक टन वजनाएवढा जोर येतो. गिअरचे दात तिरप्या उताराचे असल्यामुळे हा जोर फक्त गिअर फिरवत नाही, तर दोन्ही गिअरना एकमेकांपासून दूरही ढकलतो. दातांचा दाबकोन 20 अंश धरला, तर ही ढकल साधारण 360 किलो वजनाएवढी होते. क्लच धाडकन सोडला तर त्याहून कितीतरी जास्त.

ही ढकल शेवटी हाऊसिंग सहन करतं. ते वाकलं की दाते मधोमध भिडण्याऐवजी टोकाशी किंवा एका कडेला भिडतात. सगळा भार छोट्याशा भागावर येतो आणि दात उडतो.

उष्णतेचाही हात असतो

वजन कमी ठेवण्यासाठी हाऊसिंग बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचं, काही जुन्या गाड्यांत मॅग्नेशियम मिश्रधातूचं असतं. ताठपणात ॲल्युमिनियम स्टीलच्या साधारण एक तृतीयांश, तर मॅग्नेशियम एक चतुर्थांशाहूनही कमी. शिवाय तापल्यावर हे दोन्ही धातू स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतात.

म्हणजे गाडी जोरात पळवून गिअरबॉक्स तापला, की दात भिडण्याची जागा आधीच थोडी सैल झालेली असते. त्यात वरून जोर येतो.

बीटलने शिकवलेला धडा

याचं उत्तम उदाहरण म्हणजे फोक्सवॅगन बीटल. 1964 मध्ये कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्स यांनी बीटलचे यांत्रिक भाग वापरून ‘मेयर्स मँक्स’ ही बग्गी बनवली. 1967 मध्ये मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात 1,300 किलोमीटरहून लांबीची पहिली मेक्सिकन 1000 शर्यत झाली आणि ती मँक्सनेच जिंकली. त्यानंतर बीटलवर बनवलेल्या गाड्या वाळवंटी शर्यतींत नेहमीच्याच झाल्या.

पण बीटलचा गिअरबॉक्स 40 हॉर्सपॉवरच्या आसपासच्या इंजिनासाठी बनलेला. शर्यतवाल्यांनी त्याला दुप्पट-तिप्पट ताकदीची इंजिनं जोडली. बीटलमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच मॅग्नेशियम हाऊसिंगमध्ये असतात. ॲक्सिलरेटर दाबला की पिनियन क्राऊनला बाजूला रेटतो आणि तो भार डिफरन्शियलच्या बेअरिंगमार्फत हाऊसिंगच्या साईड कव्हरवर येतो. कव्हर वाकलं की क्राऊन-पिनियनचं लागणं बिघडतं आणि दोन्ही खराब होतात.

शर्यतवाल्यांनी यावर साधा उपाय वापरला: जाड ॲल्युमिनियमचं, उभ्या रिब असलेलं साईड कव्हर. कमजोर जागा शोधली आणि तीच ताठ केली.

रिबचा इतका फायदा का? शाळेतली पट्टी आठवा. आडवी धरली तर सहज वाकते, उभी धरली तर वाकत नाही. रिबची उंची दुप्पट केली, तर तिचा ताठपणा आठपट होतो.

मग सरळ वेल्डिंग करून रिब लावायच्या का?

इथेच घात होतो. वेल्डिंगच्या उष्णतेने हाऊसिंग वेडंवाकडं होतं. बेअरिंगची भोकं मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने जरी सरकली, तरी नवा बिघाड तयार. म्हणून वेल्डिंगनंतर सगळी भोकं पुन्हा एका रेषेत मशीन करून घ्यावी लागतात. बेअरिंगचे शिम मोजून बसवावे लागतात. दातांना रंग लावून ते कुठे भिडतात, तेही तपासावं लागतं.

मॅग्नेशियमचं हाऊसिंग असेल तर धोका आणखी मोठा. त्याचा कीस पेट घेतो आणि त्यावर पाणी टाकलं तर आग भडकते. हे काम कोपऱ्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानातलं नाही.

पैसे कुठे आधी घालावेत?

• सगळ्यात आधी माऊंटिंग तपासा. रबर फाटलं असेल तर पूर्ण गिअरबॉक्स उसळतो आणि हाऊसिंगच्या कानांना तडे जातात.

• कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑईल वापरा आणि कठोर वापर असेल तर लवकर बदला. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक काळी पेस्ट साधारणपणे चालते, पण धातूचे तुकडे दिसले तर गाडी तिथेच थांबवा.

• घासलेले बेअरिंग बदला. सैल बेअरिंगसोबत ताठ हाऊसिंग काही कामाचं नाही.

• त्यानंतर तुमच्या गाडीसाठी तयार मिळणारं जाड कव्हर किंवा मजबूत हाऊसिंग आहे का ते बघा. वेल्डिंग हा शेवटचा पर्याय.

आणि एक उपाय फुकटातला. गिअरबॉक्सला सतत येणाऱ्या जोरापेक्षा अचानक बसणारा झटका जास्त मारतो. वाळवंटात गाडी उडाली की अनुभवी चालक हवेत असतानाच ॲक्सिलरेटर सोडतो. कारण गरगर फिरणारं चाक जमिनीला टेकताच अडतं आणि तो झटका थेट दातांवर जातो. रस्त्यावर क्लच धाडकन सोडला की तेच घडतं.

तेव्हा पुढच्या वेळी गिअर तुटला, तर नवे गिअर मागवण्याआधी मेकॅनिकला एकच विचारा: जुने दात कुठे घासलेत? टोकाला किंवा एकाच कडेला खूण असेल, तर आधी बेअरिंग आणि हाऊसिंग मोजून घ्या. नाहीतर नवे गिअरही त्याच वाटेने जातील.