पोसिडोनियाचा उत्सव

डिसेंबरातील एका निरभ्र सकाळी आम्ही नेपल्सहून आगगाडीने पेस्टम येथे उतरलो. भूमी इटलीची, पण हे नगर इ. स. पूर्व ६०० च्या सुमारास ग्रीकांनी वसविले. त्याचे मूळ नाव पोसिडोनिया. हिवाळ्यामुळे प्रवासी तुरळक होते. कोवळ्या उन्हात तीन डोरिक मंदिरे उजळली होती. सर्वांत जुन्या हेरा-मंदिराचे दर्शनी ९ स्तंभ आम्ही मोजले. सुमारे २५०० वर्षे ते उभे आहेत.

भाषेला मात्र इतके आयुष्य लाभले नाही. प्रथम लुकानियनांनी नगर जिंकले, इ. स. पूर्व २७३ मध्ये तेथे रोमन वसाहत झाली. प्राचीन ग्रीक लेखक अरिस्टॉक्सेनस सांगतो, की पोसिडोनियाचे ग्रीक आपली वाणी व रीतिरिवाज विसरले. वर्षातून एकदा उत्सवास जमावे, जुनी नावे आठवावीत आणि अश्रू ढाळून परतावे, एवढेच उरले.

दुपारी जवळच्या आग्रोपोली या किनाऱ्यावरील गावी गेलो. जुनी वस्ती समुद्रावर झुकलेल्या उंचवट्यावर आहे. बायझंटाइन काळापासूनच्या या नावात ‘उंचावरील नगर’ हा ग्रीक अर्थ अद्याप नांदतो. लोकांच्या तोंडी तो रोज असतो.

महाराष्ट्राबाहेरील आपणही गणेशोत्सवास अगत्याने जमतो. पण उरलेले दिवस घरात कोणती भाषा बोलतो? मुलाच्या इंग्रजी संदेशांना आम्हीही इंग्रजीतच उत्तर देत आलो होतो. त्या सायंकाळी परतीच्या गाडीत त्याला प्रथमच मराठीत लिहिले.