‘बरे होणे’ आणि आटोक्यात राहणे

‘मला बीपी आहे’ असे आपण सर्रास म्हणतो. वस्तुतः रक्तदाब प्रत्येकालाच असतो. तो नसता तर रक्त मेंदूपर्यंत चढलेच नसते. भाषेतील ही ढिलाई एरवी क्षम्य मानता येईल. ‘बरे होणे’ हा दुसरा शब्दप्रयोग मात्र या आजारात घात करतो. हिवतापावर औषध घेतले, ताप उतरला, माणूस बरा झाला, औषध संपले. उच्च रक्तदाब सहसा असा बरा होत नाही; तो आटोक्यात राहतो, तोही गोळी चालू असेपर्यंत.

शिवाय तो दुखत नाही. वरचा आकडा १४० अथवा खालचा ९०, किंवा त्याहून अधिक, वारंवार आढळला तरी माणूस वर्षानुवर्षे शेतात राबत असतो. जाणवते ते एकदम, पक्षाघाताच्या अथवा हृदयविकाराच्या रूपाने.

जोयडा तालुक्यात याचा अर्थ काय होतो, ते पाहण्यासारखे आहे. जुने सुपा गाव धरणाच्या जलाशयात बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. तालुका विस्ताराने मोठा, वस्ती विरळ, बराच भाग काळी व्याघ्र प्रकल्पाच्या अरण्याचा. आडबाजूच्या कुणबी वाडीतून दवाखाना गाठायचा, तर दिवसाची मजुरी बुडते; पावसाळ्यात ओहोळ वाट अडवितात. ज्याला काही दुखतच नाही, त्याने एक आकडा पाहण्यासाठी ही पायपीट का करावी? प्रश्न रास्त आहे. त्याला अडाणीपणा म्हणणे मला पटत नाही.

२०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने हा प्रश्न व्यवस्थेच्या बाजूने सोडविण्याचा यत्न केला. आपल्या शेजारचा सिंधुदुर्ग त्याच्या पहिल्या टप्प्यात होता. महिनाभराच्या गोळ्या एकदम, घराजवळच्या केंद्रात तपासणी, प्रत्येकाच्या नावाचे कार्ड, आणि न आलेल्याची चौकशी, अशी त्याची रीत.

अर्थात नुसती हजेरी पुरेशी नाही. दाब चढलेलाच दिसत असता जुनीच गोळी पुन्हा लिहून दिली, तर रोग्याची खेप वाया जाते. म्हणून मात्रा केव्हा वाढवावी, दुसरे औषध केव्हा जोडावे, याचा क्रमही उपक्रमाने ठरवून दिला. चालत आलेल्या माणसाला निदान पाच मिनिटे स्वस्थ बसवून मगच पट्टा बांधावा. घाईत घेतलेला आकडा खोटा निघतो.

ज्यांचा दाब आटोक्यात आला आहे, त्यांची तपासणी तीन ते सहा महिन्यांनी झाली तरी चालते, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शिका सांगते. तेव्हा आगोटीला घरोघर जी बेगमी होते, तीत अशांच्या तीन महिन्यांच्या गोळ्याही असाव्यात. खारी मासळी आणि लोणचे मात्र थोडे कमी भरावे. दिवसाला सर्व मिळून पाच ग्रॅमहून कमी मीठ, ही त्याच संघटनेची मर्यादा आहे.