स्टॅटिनचा मोठा डोस आणि सोबतची औषधे

हृदयविकाराच्या झटक्यानंतर कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी बहुधा स्टॅटिन गटातील अॅटोरवास्टॅटिन ४० ते ८० मिलिग्रॅम किंवा रोसुवास्टॅटिन २० ते ४० मिलिग्रॅम रोज दिले जाते. अॅटोरवास्टॅटिन आणि सिम्वास्टॅटिन यांचा निचरा यकृतातील व आतड्यातील सीवायपी३ए४ हे एन्झाइम करते. दुसऱ्या औषधाने ते अडवले की स्टॅटिन रक्तात साचते. मग स्नायू दुखतात. क्वचित ते फुटू लागतात आणि त्यांतून सुटलेल्या प्रथिनाने मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

यातली सहज नजरेआड होणारी जोडी नायट्याच्या औषधाची. त्यावर दिलेले इट्राकोनॅझोल कित्येक आठवडे चालते आणि हे एन्झाइम जोरात अडवते. ते चालू असताना सिम्वास्टॅटिन वर्ज्य आहे, तर अॅटोरवास्टॅटिन सहसा २० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. कपिलधारच्या रुग्णाने हृदयाची औषधे बीडहून आणि नायट्याच्या गोळ्या दुसऱ्याच दवाखान्यातून घेतल्या, तर दोन्ही चिठ्ठ्या एकत्र कोणी पाहतच नाही. हा धोका खरोखर टाळता येण्याजोगा आहे. क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचेही तसेच, अॅझिथ्रोमायसिन मात्र हे एन्झाइम फारसे अडवत नाही.

ट्रायग्लिसराइड उतरवणारे जेमफायब्रोझिल वेगळ्या वाटेने स्टॅटिन वाढवते. त्याच्यासोबत घेतल्यावर विशेष घातक ठरलेले सेरिवास्टॅटिन ऑगस्ट २००१ मध्ये बाजारातून मागे घेतले गेले. क्षयावरील रिफॅम्पिसिन उलट अॅटोरवास्टॅटिनचा परिणाम घटवते. अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचे अँटासिड रोसुवास्टॅटिननंतर दोन तासांनी घ्यावे.

नवे औषध सुरू झाल्यावर अंग दुखू लागले व लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.