हडपसर म्हणजे पाच

सकाळी ६.१०. चहा उकळेपर्यंत वह्या पिशवीत भरते. पालख्या काल पुण्यातून हलल्या. माउलींची दिवे घाट चढून सासवडला गेली, तुकोबांची लोणी काळभोरला. दोन दिवस टाळ-मृदंगाच्या आवाजात झोप अशी लागलीच नाही. आज गल्ली इतकी शांत आहे की दूधवाल्याची सायकलसुद्धा ऐकू येते.

७.२०. सहावी ब. पटावर ४८, हजर ३९. पालखीनंतरच्या दिवशी एवढी हजेरी म्हणजे पुष्कळच झाली.

कविता लिहायला विषय देणं मी केव्हाच सोडून दिलंय. ‘पाऊस’ म्हटलं की ४८ वह्यांत तोच रिमझिम पाऊस आणि तोच थुईथुई नाचणारा मोर. आमच्या बहुतेक पोरांनी मोर पाहिलाय तो कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात, आणि तिथे तो पाठ फिरवून बसला होता. म्हणून मी आकडे देते. आज फळ्यावर लिहिलं : ६, ६, ६, ४.

हा मोठ्या अभंगाचा साचा. चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, शेवटच्यात चार. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं. (लहान अभंग आठ-आठचा असतो, तो दिवाळीनंतर.) लिहायला गणिताची चौकटीची वही. एका चौकटीत एक अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षरालाही चौकट एकच. ‘स्वारगेट’ चार, ‘पर्वती’ तीन, ‘हडपसर’ पाच. दहा मिनिटांत अख्खा वर्ग गावभर फिरून येतो. ‘शनिवारवाडा’ सहा भरला तेव्हा एकाने बाकच वाजवलं. मग कुणीतरी ओरडलं, ‘बाई, पेठा मोजा!’ फळ्यावर हे उतरलं :

सदाशिव पेठ
नारायण पेठ
बुधवार पेठ
नाना पेठ

सहा, सहा, सहा, चार. यात मी काही केलं नाही, पुण्याने स्वतःच केलं. वर शेवटची नाना पेठ, म्हणजे निवडुंग्या विठोबाची, तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाची. पोरांनी हे चालीवर म्हटलं आणि शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

७.५०. भांडण. पहिल्या बाकावरची मुलगी टाळ्या वाजवून मोजते. तिचं म्हणणं, ‘पेठ’ला एकच टाळी बसते, मग अक्षरं दोन कशी? तिचं खरं आहे. बोलताना आपण शेवटचा ‘अ’ गिळतो. पण अभंग गायला लागलं की तो परत येतो, ‘पेऽठऽ’. म्हणून मोजायचं गाण्याच्या हिशेबाने. तिला अर्धवट पटलं. मलाही सहावीत असताना पटलं नसतं.

तेवढ्यात मंगळवार पेठेतला मुलगा रडकुंडीला आला. त्याची पेठ सात भरते, कुठेच बसत नाही. शेजारच्याने तोडगा काढला : ‘आमची आजी मंगळार म्हणते.’ मं-ग-ळा-र-पे-ठ. सहा.

८.१५. आता स्वतःचं. एकीने दिलं :

माझी जुनी छत्री
आतून गळते
मलाच छळते
रोज रोज

चौकटी मर्यादित असल्या की पोरं शब्द टाकायला शिकतात. तिने आधी ‘माझी खूप जुनी सुंदर छत्री’ लिहिलं होतं. ‘सुंदर’ मी खोडायला सांगितलं नव्हतं, त्याला चौकटच उरली नाही.

१०.००. खिचडी. आज मटकी होती.

१०.४५. सातवी अ, हायकू. हा जपानी प्रकार मराठीत आणला आणि रुजवला शिरीष पै यांनी, आचार्य अत्र्यांच्या कन्येने. पाच-सात-पाच हा हिशेब जपानी ध्वनींचा आहे. मराठी अक्षरांवर तो जसाच्या तसा बसत नाही आणि मराठी हायकू त्याला बांधूनही घेत नाही. तरी पोरांना मी मोजायला लावते. पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात तसं. यमक मात्र इथे बंद. यमकाच्या मागे लागलं की ‘आई’ला ‘घाई’ येतेच, मग घाईचं कारण शोधत बसायचं. अट आणखी एक : आज सकाळी डोळ्यांनी पाहिलेलंच लिहायचं.

मागच्या बाकावरचा, एरवी महिनोन्‌महिने न बोलणारा मुलगा वही ठेवून गेला :

दारी चपला
आजीची जोडी नाही
जागा रिकामी

माझ्या पोटात गोळा आला. त्याला बाहेर बोलावलं, खांद्यावर हात ठेवला, ‘कधी रे?’ तो म्हणाला, ‘परवा. वारीला गेलीय, बाई. आज सासवडलाच मुक्काम.’ फलकावर लावू का विचारलं. ‘आजी आल्यावर लावा,’ म्हणाला, ‘नाहीतर सगळे तुमच्यासारखंच विचारतील.’

१.३०. घरी. जेवण, वामकुक्षी. पुण्यात राहून हा हक्क सोडायचा नाही.

४.००. ग्रंथालयात ‘किशोर’चे जुने अंक चाळते. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय. शेजारी विंदांची ‘राणीची बाग’, १९६१ची. मोठा कवी मुलांसाठी लिहिताना खाली वाकत नाही, हे मला विंदांकडे बघून कळलं. मुलांना मात्र या कविता मी आधी देत नाही. आधी दिल्या की पोरं त्यांचीच नक्कल करतात, आणि नक्कल फार गोड दिसते.

५.३०. अप्पा बळवंत चौक. चौकटीच्या दोन डझन वह्या. रांगेत एक पालक भेटल्या. मुलीने चारोळ्या लिहाव्यात अशी त्यांची इच्छा. चंद्रशेखर गोखल्यांच्या ‘मी माझा’ने चारोळी घराघरांत नेली, आमच्या पिढीने वहीच्या मागच्या पानावर शेकडो उतरवल्या. पण मुलांच्या हाती ती मी सगळ्यात शेवटी देते. चौथ्या ओळीत काहीतरी शहाणं म्हणायचं असतं ना, आणि अकरा वर्षांचं पोर शहाणं बोलायला गेलं की मोबाइलवरचा सुविचार होतो. बाईंना मी एवढंच म्हटलं, ‘आधी आजीकडून जात्यावरच्या दोन ओव्या आणायला सांगा.’ गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यातल्या बायांकडून अशा ओव्या गोळा करायला सुरुवात केली, त्यांचा साठा लाखावर गेला. बाई म्हणाल्या, आजी अमेरिकेत असते. मग फोन करा, म्हटलं.

९.३०. वह्या. छत्रीला बरोबरची खूण. एक बस, तीन कुत्री, आणि एक निसर्गाची किमया (ही मोबाइलवरून आलेली, सहावीतलं पोर ‘किमया’ म्हणत नाही). पेठांचा अभंग मात्र नऊ जणांनी पुन्हा लिहून आणलाय, आणि नऊच्या नऊ वह्यांत ‘मंगळार पेठ’. शुद्धलेखनाच्या नियमाने चूक, छंदाच्या नियमाने बरोबर. लाल रेघ मारलेली नाही. शनिवारी पालकसभा आहे, कुणीतरी विचारणारच.