घरगुती मोटारबांधणीतील स्वस्त आधार : एक यंत्रशास्त्रीय विवेचन

बीजसंज्ञा : सुटे संच, चौकट, घोडी, भारवहन, सुरक्षितता

प्रस्तावना :

सुट्या भागांचा संच विकत घेऊन घरच्या घरी मोटार उभी करण्याची परंपरा प्रामुख्याने ब्रिटनमध्ये रुजली. १९५७ मध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' ही हलकी दोन आसनी मोटार बाजारात आणली. पूर्ण तयार मोटारीवर खरेदी कर लागत असे, सुट्या संचावर तो लागत नसे. त्यामुळे मध्यमवर्गीय हौशी माणसाला संच परवडू लागला. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आल्यावर ही सवलत संपली आणि त्याच वर्षी 'सेव्हन'चे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी अवघ्या २५० पौंडांत अशी मोटार बांधण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. 'लोकॉस्ट' या नावाने ती ओळखली जाते. जुन्या मोटारीचे इंजिन आणि घरी वितळजोड केलेली लोखंडी चौकट हा तिचा पाया होय. मात्र पैसा वाचविण्याची हीच वृत्ती आधारांच्या बाबतीत जिवावर बेतू शकते. म्हणूनच कोणता आधार स्वस्त असूनही सुरक्षित ठरतो आणि का, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बांधणीचा पाट :

चौकट साधारणतः २५ मि.मी. चौरस व १.६ मि.मी. जाडीच्या पोलादी नळ्यांची असते. ती जोडण्यासाठी महागडा साचा लागत नाही. लाकडी वाशांच्या सांगाड्यावर १८ मि.मी. जाडीची फळी बसविली की पाट तयार होतो. पाणसळ लावून, पायांखाली पाचरी सारून तो समपातळीत आणावा. फळीवर चौकटीचा पूर्ण आकाराचा नकाशा आखून नळ्यांच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे ठोकले असता नळ्या जागेवरून हलत नाहीत. प्रथम फक्त ठिपकेवजा जोड द्यावेत, दोन्ही कर्णांची लांबी मोजावी आणि ती समान असेल तरच जोड पूर्ण करावेत. पाट मुरडलेला असल्यास ती मुरड चौकटीत कायमची बसते. परिणामी तयार मोटारीच्या चार चाकांवर भार असमान पडतो आणि ब्रेक लावताना ती एका बाजूला ओढली जाते. पाट लाकडी असल्याने ठिणग्यांपासून आगीचा धोका असतो. पाणी व अग्निशामक जवळ असणे आवश्यक आहे.

घोड्या व भाराचे गणित :

चौकट तयार झाल्यावर ती कमरेच्या उंचीवरील दोन लाकडी घोड्यांवर ठेवल्यास वाकून काम करण्याचे कष्ट वाचतात. चौकट हलकी असेपर्यंत ही सोय पुरेशी असते. इंजिन व गिअरपेटी बसविताच गुरुत्वमध्य पुढे सरकतो. तो आधारांनी वेढलेल्या क्षेत्राबाहेर गेला की संपूर्ण रचना उलटते. म्हणून इंजिन बसविण्यापूर्वी चौकट खाली घेऊन बुटक्या व रुंद आधारांवर ठेवावी.

अशा मोटारीचे वजन ६०० कि.ग्रॅ. धरले तर चार आधारांवर प्रत्येकी १५० कि.ग्रॅ. भार येतो, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात जमीन किंचित असमान असली तरी भार मुख्यतः समोरासमोरच्या दोन आधारांवर जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक आधार किमान ३०० कि.ग्रॅ. पेलेल असाच असावा. १०० मि.मी. चौरस वाशांचे तुकडे आडवे-उभे रचून केलेला चौथरा या कसोटीस सहज उतरतो. एकाच १०० बाय १०० मि.मी. संपर्कस्थानी ३०० कि.ग्रॅ. भार आला तरी दाब दर चौरस मि.मी.ला सुमारे ०.३ न्यूटन होतो. मऊ लाकूडही तंतूंच्या आडव्या दिशेने याच्या कित्येक पट दाब सोसते. शिवाय लाकूड मोडण्यापूर्वी दबते, करकरते, म्हणजेच पूर्वसूचना देते. चौथऱ्याची उंची त्याच्या पायाच्या रुंदीपेक्षा अधिक नसावी.

वर्ज्य आधार :

विटा आणि पोकळ सिमेंट ठोकळे स्वस्त व हाताशी असतात. पण ते ठिसूळ असतात. भिंतीत चुन्या-सिमेंटच्या थरामुळे भार सर्वत्र पसरतो. अरुंद नळीखाली मात्र तो एका रेषेवर एकवटतो आणि ठोकळा क्षणार्धात, कोणतीही सूचना न देता फुटतो. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, पेलून धरण्याचे नव्हे. द्रवदाबाच्या जॅकमधील वळे झिजले की तेल झिरपते आणि भार खाली येतो.

आधार नेहमी नळ्यांच्या सांध्याखाली द्यावा, नळीच्या मध्यभागी नव्हे. अन्यथा पातळ नळी वाकते. जॅक उतरविल्यावर मोटार हाताने जोरात हलवून पाहावी. काढलेली चाके चौकटीखाली आडवी सरकवून ठेवावीत. मुख्य आधार ढासळला तरी माणसाला निसटण्याइतकी जागा त्यामुळे उरते. या दुसऱ्या फळीला एक पैसाही खर्च येत नाही.

समारोप :

ब्रिटनमध्ये १९९८ पासून अशा मोटारींची स्वतंत्र तपासणी सुरू झाली आणि २००९ मध्ये तिची जागा अधिक काटेकोर पद्धतीने घेतली. परंतु ही तपासणी तयार मोटारीची असते; बांधणाऱ्याच्या अंगणातील आधार कोणी तपासत नाही. भारतात २००७ पासून भरणाऱ्या 'बाहा' स्पर्धेसाठी महाराष्ट्रातील अभियांत्रिकीचे विद्यार्थीही नळ्यांच्या चौकटी बांधतात; त्यांनाही हेच नियम लागू पडतात. आधार स्वस्त असण्यात दोष नाही. तो कसा मोडेल याचा विचार आधी न करणे, हा मात्र दोष आहे. सारांश, लाकूड, पाचर, पाणसळ व थोडे गणित एवढ्या सामग्रीत सुरक्षित आधार उभा राहू शकतो.