साल्हेरच्या कार्डाचा भाव

मराठ्यांचे बारा किल्ले ११ जुलै २०२५ रोजी जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात आपल्या बागलाणातला साल्हेर आहे. उंची १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. शिवाय मुल्हेर आहे, मांगीतुंगीचे डोंगर आहेत, सटाण्यात देवमामलेदारांचे मंदिर आहे. हे सगळे डोळे भरून टिपणारे हौशी फोटोग्राफर तालुक्यात पुष्कळ आहेत. त्यांतल्या कुणी स्वतःच्या फोटोंची हातबनावटीची पोस्टकार्डे करून गावातल्या दुकानांत ठेवायची म्हटली, की गाडी भावापाशी अडते. बहुतेकांच्या मनात पहिला आकडा येतो दहा रुपये.

हा आकडा टपाल खात्याच्या ५० पैशांच्या कार्डामुळे येतो. पण त्या भावात खात्याचाही खर्च निघत नाही, ती लोकांना दिलेली सवलत आहे. तिच्याशी तुलना करून हाताच्या कामाचा भाव ठरवला, तर दुसऱ्या खेपेचा कागद घ्यायलाही पैसे उरत नाहीत.

दुसरी तुलना छापील कार्डांशी होते. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि रंगीत चित्रे सामान्य घरांच्या भिंतींवर पोचली. पुढे धुरंधरांसारख्या चित्रकारांची कामे पोस्टकार्डांवरही आली. तिथे हजारो प्रती निघत, म्हणून एका प्रतीचा खर्च उतरे. फोटोकार्डाची वाट वेगळी होती. कोडॅकने १९०३ मध्ये पोस्टकार्डाच्या मापाची निगेटिव्ह देणारा कॅमेरा काढला, आणि लहान गावातल्या फोटोग्राफरालाही आपल्या गावाची थोडकीच कार्डे करता येऊ लागली. थोड्या प्रती, प्रत्येकीवर हात फिरलेला. सटाण्यातले कार्ड या घराण्यातले आहे, आणि त्याचा हिशेबही तसाच मांडावा लागतो.

समजा, चार बाय सहाची प्रिंट ८ रुपयांना पडली, मागची जाड कार्डशीट ३ रुपयांची, चिकटपट्टी, शिक्क्याची शाई आणि पारदर्शक पाकीट मिळून ३. झाले १४. शंभरांत दहा कार्डे वाया जातात असे धरा: कुठे कटर तिरका जातो, कुठे कोपरा सुटतो. मग १४०० रुपये नव्वद कार्डांवर बसतात, म्हणजे एकाला साडेपंधरा. कापणे, चिकटवणे, वजनाखाली दाबून ठेवणे, मागे माहिती लिहिणे यात तासाला बारा कार्डे होत असतील आणि तासाची मजुरी १०० रुपये धरली, तर आणखी सव्वाआठ. साल्हेरला जाऊन यायचा दिवस आणि पेट्रोल मिळून १२०० झाले आणि त्या फोटोची दोनशे कार्डे विकायची असतील, तर ६. बेरीज तीस रुपयांपाशी येते.

मजुरी गाळण्याचा मोह इथेच होतो. ‘वेळ तर माझाच आहे’ असे म्हणून लोक ते सव्वाआठ रुपये पुसून टाकतात. डाळिंबाच्या छाटणीला माणूस लावायचा, तर बागलाणात आधी रोज ठरतो, मग कात्री हातात घेतली जाते. कार्ड करणाऱ्यानेही आपला रोज आधी लिहावा. तो न लिहिता स्वस्त विकणारा माणूस स्वतःला तर बुडवतोच, पण उद्या हेच काम पोटासाठी करू पाहणाऱ्या मुलामुलींचा भावही पाडतो. मला हे फार लागते.

आता दुकान. तीस टक्के कमिशन ठरले, की अनेकजण तीस रुपयांवर तीस टक्के चढवून ३९ रुपये भाव लावतात. दुकानदार मात्र आपले तीस टक्के विक्रीच्या भावावर घेतो, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही. ३९ मधून ११ रुपये ७० पैसे गेले, की हाती २७.३० येतात. शंभर कार्डांमागे २७० रुपयांचा खड्डा. खरा हिशेब तीसला ०.७ ने भागण्याचा आहे: जवळजवळ ४३. तो सरळ ५० करावा. दुकानाचे १५, आपले ३५, आणि वरचे पाच रुपये उन्हाने उडालेल्या, दुमडलेल्या कार्डांसाठी. पाच कार्डांचा संच २२५ ला दिला, तर प्रत्येकी साडेएकतीस मिळतात. २०० ला दिला तर २८, म्हणजे घरचेच घालायचे.

दुकानदाराचा वाटा अनेकांना खुपतो. तो जागा देतो, गिऱ्हाइकाशी बोलतो, धूळ झटकतो. ‘विकेल तसे पैसे’ या बोलीवर माल ठेवला, तर मोडतोडीची जोखीम आपली, म्हणून तीस टक्के ठीक. त्याने रोखीने माल उचलून चाळीस टक्के मागितले, तर पन्नासच्या कार्डात आपले नेमके तीसच उरतात. तेव्हा भाव साठ करावा किंवा नाही म्हणावे. दोन वह्यांत नग लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि महिन्याला मोजणी करावी. आणि एक पथ्य: दुकानात पन्नासला असलेले कार्ड आपण घरून चाळीसला विकू नये. तसे केले, की त्या दुकानाचा दरवाजा बंद होतो आणि तो बंद होणेच रास्त आहे.

देवमामलेदारांच्या यात्रेत मात्र हे कार्ड चालेल असे धरू नये. तिथे खिशातून दहा-वीस रुपये निघतात. त्या गर्दीसाठी तोच फोटो ऑफसेटवर हजारभर छापावा आणि तो छापील आहे हे स्पष्ट लिहावे. मंदिरातल्या मूर्तीचा फोटो असेल, तर देवस्थानाला आधी विचारावे. ओळखू येणारा माणूस फोटोत असेल, तर त्याला. हातबनावटीचे कार्ड किल्ल्यावरून उतरणाऱ्यांसाठी साल्हेरवाडी-वाघांब्याच्या खाणावळीत, मांगीतुंगीच्या पायथ्याला भिलवाडमध्ये आणि सटाण्यातल्या एखाद्या पुस्तकांच्या दुकानात शोभेल.

वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या, राज्यातच माल विकणाऱ्याला जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही. सीलबंद संच केला, तर त्यावर कमाल किरकोळ किंमत, नगसंख्या, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता हे सारे छापावे लागते. खासगी कार्डाला तिकीट किती लागते, ते सटाण्याच्या टपाल कचेरीत विचारून तिकिटाच्या चौकटीत लिहून टाकावे, म्हणजे गिऱ्हाईक ते खरोखर पेटीत टाकेल. प्रिंट महागली, की भाव नव्या फोटोपासून वाढवावा. आधीच फळीवर असलेल्या कार्डांवर नवी चिठ्ठी डकवू नये.