गाव उठतं तेव्हा

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या काठावर, इनामगावाजवळ, पांढरीची टेकाडं आहेत. काळ्या रानात राखाडी, भुसभुशीत मातीचा उंचवटा दिसला की आपला शेतकरी न सांगता ओळखतो, इथं पूर्वी वस्ती होती. ही माती गाड्या भरून न्यायची आणि खत म्हणून शेतात पसरायची, ही रीत जुनी आहे. अशा पांढरी महाराष्ट्रात नदीकाठानं जागोजागी सापडतात. मात्र एवढं नांदतं गाव उठलं कशानं, हा प्रश्न एकाच टेकाडाला वर्षानुवर्षं विचारत राहण्याचं काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं केलं. १९६८ साली इनामगावात पहिली कुदळ पडली, उत्खनन १९८३ पर्यंत चाललं आणि अहवालाचा पहिला खंड १९८८ साली निघाला. वीस वर्षं एका गावासाठी. विद्यापीठातल्या संशोधनाचा समाजाला उपयोग काय, असं कोणी विचारलं की मला आधी हीच वीस वर्षं आठवतात.

डेक्कन कॉलेजचं नाव बहुतेकांना टिळक-आगरकरांमुळे ठाऊक असतं. १८२१ साली विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज म्हणून सुरू झालेली ही संस्था १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज झाली आणि पुढं येरवड्याच्या दगडी इमारतीत गेली. १९३४ साली सरकारनं ती बंद केली. माजी विद्यार्थी कोर्टात गेले, झगडले आणि १९३९ साली ती पुन्हा उघडली, ती पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून. पुरातत्त्वाला हसमुख सांकलिया, समाजशास्त्र-मानवशास्त्राला इरावती कर्वे, भाषाशास्त्राला सुमित्र मंगेश कत्रे, मराठ्यांच्या इतिहासाला त्र्यंबक शंकर शेजवलकर. इतकी वेगवेगळ्या वाटांची माणसं एकाच आवारात बसत होती. सांकलियांच्या गुजरातमधल्या लांघणजच्या शोधमोहिमेत चाळीसच्या दशकात इरावतीबाई होत्या, आणि तिथं प्राचीन माणसांचे सांगाडे हाती लागले. माती उकरणारा आणि माणसं मोजणारी एका कामावर उभी राहिली, याचं पुढं फार चीज झालं.

सातवाहनांच्या आधी महाराष्ट्रात शेती करणारी माणसं कोण होती, याबद्दल १९५० पर्यंत सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. दगडी हत्यारं मिळत होती, आणि नंतर एकदम लेणी. मधला पल्ला कोरा. संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या जोर्व्याला खणल्यावर लाल रंगावर काळी नक्षी असलेली, तोटीची, खणखणीत भाजलेली भांडी मिळाली आणि त्या संस्कृतीला गावाचंच नाव पडलं. मग नेवासं. तिथं एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली आणि मण्यांत ओवलेल्या धाग्याचे अवशेषही टिकून राहिले होते. पण ही उत्खननं मुख्यतः उभी होती. चर खोल न्यायचा, थर मोजायचे, कोणाच्या आधी कोण आलं ते ठरवायचं. अशा चरातून कालक्रम हाती लागतो. गाव दिसायचं तर आडवं खणावं लागतं, घरामागून घर उघडं करावं लागतं. इनामगावला सांकलिया, मधुकर केशव ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी तेच ठरवलं.

शंभराहून जास्त घरं उघडी झाली. इ. स. पूर्व १६०० च्या सुमाराला पहिली वस्ती, इ. स. पूर्व ७०० च्या सुमाराला शेवटची. सुरुवातीची घरं ऐसपैस, चौकोनी, कुडाच्या भिंतींची. आत चूल, धान्याच्या कणगीसाठी लिंपलेला गोल ओटा, जमिनीत पेव. हे शब्द वेगळे शोधावे लागले नाहीत. खणणाऱ्यांना त्या वस्तूंचे उपयोग लगेच कळले, कारण शेजारच्या आजच्या इनामगावात तशाच वस्तू नांदत होत्या. गावाच्या मधोमध पाच खोल्यांचं मोठं घर आणि लगत धान्याचं कोठार होतं. कुंभार, सोनार, चुना भाजणारा, हस्तिदंताचं काम करणारा असे कारागीर पश्चिमेच्या कडेला. नदीच्या पुराचं पाणी वळवून घेणारा पाट होता आणि त्याच्या अंगानं बांध. सातू हे मुख्य पीक, जोडीला गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ. पाट एकट्यादुकट्याला खोदता येत नाही आणि कोठार एका घराला लागत नाही. गावात कोणीतरी हुकूम देत होतं, कोणीतरी वाटा ठरवत होतं.

मेलेल्यांना ही माणसं घरातच पुरत. मूल गेलं तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि आत त्याला निजवायचं, जमिनीखाली, राहत्या घरात. मोठ्या माणसाला उत्तरेकडे डोकं करून पुरायचं आणि घोट्याखाली पाय तोडायचे. मेलेला पायांनी चालत परत येऊ नये म्हणून, असा त्याचा अर्थ लावला जातो. पाच खोल्यांच्या त्या घराच्या अंगणात मात्र वेगळंच दफन निघालं. चार पायांचा, कच्च्या मातीचा मोठा रांजण आणि आत मांडी घालून बसवलेला चाळिशीचा पुरुष, पाय शाबूत. हा गावचा प्रमुख असावा, हे ढवळीकरांचं अनुमान. आणखी एका घरात जमिनीखाली झाकण असलेली मातीची डबी सापडली. डबीत एक स्त्रीमूर्ती, आणि डबीवर मातीचा बैल व बिनडोक्याची स्त्रीमूर्ती. बैलाच्या पाठीवर ती बसवता येते. शेताबैलाच्या, लेकराबाळांच्या काळजीनं कोणीतरी ती तिथं पुरली असणार, असं मला वाटतं.

इ. स. पूर्व १००० च्या पुढं चित्र पालटतं. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. भांडी ओबडधोबड होतात. धान्य घटतं, शेळ्यामेंढ्यांची हाडं वाढतात, शिकारीच्या जनावरांचीही. ढवळीकरांनी याचा अर्थ असा लावला की पाऊस हटला, शेती परवडेनाशी झाली, माणसं कळपांमागं हिंडायला लागली आणि शेवटी गाव रिकामं झालं. इनामगावचं काम चालू असतानाच १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रानं पाहिला. शिरूरचा तो सारा पट्टा अवर्षणाचाच. खडी फोडणारी माणसं आणि चाऱ्यासाठी हिंडणारी जनावरं ज्या वर्षी डोळ्यांसमोर होती, त्या वर्षी तीन हजार वर्षांपूर्वीचा दुष्काळ या मंडळींना पुस्तकी वाटला नसेल.

गोष्ट इथं संपली असती तरी ती छान होती, शाळेच्या पुस्तकात बसण्यासारखी. पण इनामगावातून आलेली हाडं डेक्कन कॉलेजनं नीट जपली होती. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे जॉन लुकाक्स यांनी दात तपासले. आहार बदलला की किडलेल्या दातांचं प्रमाण बदलतं आणि लहानपणी हाल झाले की दाताच्या एनॅमलवर त्याची खूण राहते. पुढं ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगाव, नेवासं आणि दायमाबाद इथल्या लहान मुलांच्या सांगाड्यांवर काम केलं. २०११ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकानं ढवळीकरांच्या मांडणीलाच आव्हान दिलं. पाऊस मोठ्या प्रमाणावर कमी झाल्याचा पुरावा भक्कम नाही, दख्खन तेव्हाही आजच्यासारखीच निमकोरडी होती, असं त्या म्हणतात. मुलांची वाढ मात्र शेवटच्या काळात खुंटलेली दिसते. मग दोष आभाळाचा, की माणसांनी जमीन आणि रान कसं वापरलं याचा? हा वाद अजून मिटलेला नाही. मला ढवळीकरांची मांडणी मनापासून आवडते, तिच्यात माणसांबद्दल कळवळा आहे. तरी रॉबिन्स शुग यांच्या प्रश्नाला आज जास्त धार आहे असं मी म्हणेन. दुष्काळ आला म्हणून गाव उठलं, असं म्हटलं की कोणाला जबाबदार धरावं लागत नाही. दर टंचाईच्या वर्षी आपण तेच वाक्य म्हणतो, आणि त्याच तालुक्यात कोणाच्या विहिरीला पाणी होतं व कोणत्या पिकाला ते गेलं, हे विचारायचं राहून जातं.

गाव दुष्काळानं उठतं तसं पाण्यानंही उठतं. इनामगावात खणणं चालू होतं त्याच काळात इरावती कर्वे आणि त्यांची कन्या जाई निंबकर यांची कोयनेच्या धरणग्रस्तांची पाहणी डेक्कन कॉलेजनं छापली, १९६९ साली. सातारा जिल्ह्यातलं कोयना धरण साठीच्या दशकात उभं राहिलं आणि शिवसागर जलाशयाखाली खोऱ्यातली गावं गेली. आज कोयनेची वीज १,९६० मेगावॉटची आहे. महाराष्ट्राच्या कारखान्यांची ही भाग्यरेषा मानली गेली आणि ते खोटं नाही. पण त्या पाण्याखाली गेलेल्या घरातली माणसं कुठं गेली, कशी जगतात, हे विद्यापीठानं जाऊन विचारायची गोष्ट आहे असं तेव्हा फार कोणाला वाटत नव्हतं. विस्थापितांसाठी महाराष्ट्राचा पहिला पुनर्वसन कायदा १९७६ साली झाला. बाईंची पाहणी त्याच्या सात वर्षं आधीची.

‘युगान्त’च्या लेखिका म्हणून इरावतीबाई मराठी घरांत पोचल्या आहेत. महाभारतातल्या माणसांना हाडामांसाची करून दाखवणारी ही बाई फलटणसारख्या वाढत्या गावाचा अभ्यास करत होती, आठवड्याच्या बाजारांत कोण काय विकायला येतं ते नोंदवत होती, नात्यागोत्यांची रचना प्रांताप्रांतांत जाऊन तपासत होती. आप्त म्हणजे कोण, घर म्हणजे काय, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. धरणग्रस्तांकडं जाताना हा विषय सोबत होताच. सरकारी पंचनाम्यात घराची किंमत लागते, झाडाची लागते. भावकी वेगवेगळ्या जिल्ह्यांत पांगली, ग्रामदैवताची पालखी कोणी उचलायची हे ठरेना, सोयरीक करायला माणसं उरली नाहीत, याला पंचनाम्यात रकाना नसतो. कोयनेची काही कुटुंबं सोलापूर-सांगलीकडं, काही रायगड-ठाण्याकडं गेली. काहींनी पाण्याच्या वरच्या डोंगरउतारावरच पुन्हा संसार मांडला. त्या डोंगरावर १९८५ साली अभयारण्य आलं, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला. एकाच घरावर उठायची पाळी दुसऱ्यांदा यावी, हे खोऱ्यातल्या माणसांच्या वाट्याला आलं आहे. जमिनीसाठी त्यांची धरणी अजून होत राहतात.

डेक्कन कॉलेजमधली दुसरी मोठी कामंही अशीच लांब पल्ल्याची आहेत. संस्कृत महाकोशाचा आरंभ कत्रे यांनी १९४८ साली केला. दीड हजारांच्या आसपास ग्रंथांतून काढलेल्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तिथं कपाटांत लावून ठेवल्या आहेत. पहिला भाग १९७६ साली अमृत माधव घाटगे यांच्या संपादनाखाली निघाला. घाटग्यांनी मराठीच्या बोलींची पाहणीही साठच्या दशकात हाती घेतली होती, आणि अलीकडं राज्य मराठी विकास संस्थेच्या साथीनं कॉलेजनं गावोगावी जाऊन बोलींची नवी ध्वनिमुद्रणं केली आहेत, ती कोणालाही ऐकायला मोकळी आहेत. या कामांवर स्वतंत्र लिहायला हवं. इथं मुद्दा एवढाच की चिठ्ठी असो, हाड असो किंवा एखाद्या घराची नोंद असो, ती ज्यानं गोळा केली त्याच्या प्रश्नासाठीच उपयोगी पडते असं नाही. इनामगावात निघालेली आणि कॉलेजनं जपलेली बालकांची हाडं काही दशकांनी ढवळीकरांचंच म्हणणं तपासायला कामी आली. आज प्रकल्पाला तीन वर्षांची मुदत मिळते आणि तिसऱ्या वर्षी निष्कर्ष मागितले जातात. त्या हिशेबात इनामगाव बसलं नसतं, महाकोश तर नाहीच.

म्हणून माझी एक साधी मागणी आहे. कोयनेची पाहणी पुन्हा व्हावी, आणि ती डेक्कन कॉलेजनंच करावी. १९६९ च्या पुस्तकातल्या कुटुंबांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीकडं जावं. मिळालेल्या जमिनीचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, ती पिकते का, पाणी आहे का, मुली कुठं दिल्या, देव कुठं मांडला, मुंबईला किती जण गेले, आणि जुन्या गावातल्या शेजाऱ्याशी आज संबंध उरला आहे का, हे विचारावं. सोबत पुरातत्त्वाचे विद्यार्थीही न्यावेत. उन्हाळ्यात शिवसागराचं पाणी खाली जाईल तेव्हा जुन्या वस्त्यांची जोती उघडी पडतील तिथं नकाशे काढता येतील, आणि ज्या म्हाताऱ्यांना आपलं घर बोट करून दाखवता येतं ती अजून हयात आहेत तोवर कोणाचं घर कुठं होतं ते त्यांच्याकडून लिहून घेता येईल.